असेल, असता, होतं : ‘मस्ट हॅव, वुड हॅव, शुड हॅव’ मराठीतून पकडताना

ऐरोलीतल्या ऑफिसात लागून मला चार महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. समोरच्या कंपनीने बिलासोबत जोडायचा एक कागद पाठवलाच नव्हता. महिनाअखेर आलेली, हिशेब अडकलेला. मी रागारागाने, पण सभ्य भाषेत मेल ठोकली: “यू मस्ट हॅव सेंट द डॉक्युमेंट विथ द इन्व्हॉइस.” माझ्या डोक्यात वाक्य होतं, ‘तुम्ही बिलासोबत कागद पाठवायला पाहिजे होता.’ दुसऱ्या दिवशी समोरून गोड उत्तर आलं. आधी आभार मानले होते आणि पुढे म्हटलं होतं, हो, आम्हालाही पाठवल्यासारखं वाटतंय, तुमच्याकडेच जरा नीट शोधून बघा. का, तर मी जे लिहिलं होतं त्याचा अर्थ होता, ‘तुम्ही कागद पाठवलाच असणार.’ भांडायला गेले आणि समोरच्याला निर्दोष सोडून आले.

कागद पुढे आठवडाभराने आला. साहेबांचं बोलणं त्याच्या आधी आलं.

आता दर रविवारी सकाळी कळव्यात आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा जणांना मी बोलायचं-लिहायचं इंग्रजी शिकवते. बहुतेक जण ऐरोली, रबाळे, महापे इथे नुकते कामाला लागलेले. शाळेत सगळ्यांनीच ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणजे साहाय्यक क्रियापदांचा धडा केलेला असतो. कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे पण पाहिजे, असा तक्ता पाठ असतो. आणि त्या तक्त्यानेच घात होतो, कारण ‘पाहिजे’, ‘शकणे’, ‘असेल’ या एकेका मराठी शब्दाला इंग्रजीत दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून मी उलटीकडून शिकवते. आपलं मराठी वाक्य पुरतं मनात म्हणायचं, त्याच्या क्रियापदाचं शेपूट बघायचं आणि मग इंग्रजी शब्द निवडायचा. मराठीतला हा सगळा बारकावा आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे, तो फुकट का घालवायचा?

पायरी पहिली : या नऊ जणांचा स्वभाव

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. हे नऊ मुख्य. नीड, ऑट टू, हॅव टू हे शेजारपाजारचे, त्यांच्याकडे वाटेत बघू.

यांचे नखरे ठरलेले आहेत. ‘ही’ असो की ‘दे’, शेवटी एस लागत नाही. ‘ही कॅन’ म्हणायचं, ‘ही कॅन्स’ नाही. पुढे ‘टू’ येत नाही, तेव्हा ‘मस्ट टू गो’ चूक. प्रश्न किंवा नकार करायला डू-डिडची मदत लागत नाही, त्यामुळे ‘डिडन्ट कुड’ असं काही नसतं, नुसतं ‘कुडन्ट’. आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत: ‘विल कॅन’ नाही, ‘विल बी एबल टू’.

‘आय कॅन एबल टू’ हे आपल्याकडे इतकं चालतं की मुलाखतीतही ऐकू येतं. कॅनमध्येच एबल आलं. ‘कॅन एबल टू’ म्हणजे पिवळं पीतांबर.

जाता जाता एक गंमत. शुड, वुड, कुड तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये एल आहे आणि तिन्हींत तो मुका आहे. शुड हा शॅलचा आणि वुड हा विलचा, म्हणून त्यांना एल घराण्यातून मिळाला. कुड हा कॅनचा. कॅनमध्ये एल आहेच कुठे? या दोघांचं बघून लोकांनी कुडलाही मागाहून चिकटवला. तेव्हा स्पेलिंग चुकलं तर फार वाईट वाटून घेऊ नका, इंग्रजांनी आधी चुकवलंय.

पायरी दुसरी : आजचं आणि उद्याचं

हा भाग तुम्हाला बराचसा येतो, म्हणून जिथे पाय घसरतो तिथेच थांबते.

सगळ्यात महाग पडणारी गल्लत म्हणजे ‘मस्टन्ट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’. होकारात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ सारखे, म्हणून वाटतं नकारातही सारखेच असतील. नाहीत. ‘यू मस्टन्ट कम ऑन सॅटर्डे’ म्हणजे शनिवारी यायचं नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम ऑन सॅटर्डे’ म्हणजे नाही आलात तरी चालेल. आपल्या ‘चालेल’ला धरून ठेवा. वाक्याच्या शेवटी ‘तरी चालेल’ बसत असेल तर डोन्ट हॅव टू किंवा नीडन्ट. ‘अजिबात नको’ बसत असेल तर मस्टन्ट.

दुसरं, वुडचा उगाच वापर. “द मीटिंग वुड बी अ‍ॅट फोर टुमॉरो.” आपल्या ऑफिसांत असं सर्रास लिहितात, कारण विलपेक्षा वुड जरा भारदस्त वाटतं. पण भारताबाहेरच्या वाचणाऱ्याला त्यात ‘असती’ ऐकू येतं: मीटिंग उद्या चारला असती... पण काय? रद्द झाली का? ठरलेल्या गोष्टीला सरळ विल लिहा. वुड शोभतो तो विनंतीत. मराठीत आपण ‘दे’ म्हणतो, ‘देशील का’ म्हणतो आणि साहेबांना ‘द्याल का’ म्हणतो. त्या ‘द्याल का’साठी ‘वुड यू’ किंवा ‘कुड यू’. ग्राहकाला ‘यू मस्ट सेंड’ लिहिलंत तर ते पोलिसाने दटावल्यासारखं वाटतं. ‘यू मे गो नाऊ’ हेही वरच्याने खालच्याला द्यायच्या परवानगीचं वाक्य आहे. एका मुलाने आपल्या मॅनेजरला ते म्हटलं होतं. बिचाऱ्याच्या मनात आदरच होता.

शॅल बोलण्यात फारसा उरलेला नाही, ‘शॅल वुई?’ म्हणजे ‘निघूया?’ एवढ्यापुरता येतो. पण कागदावर त्याचा दरारा अजून आहे. घणसोलीला किंवा कोपरखैरणेला खोली भाड्याने घेतलीत की जो लिव्ह अँड लायसन्सचा करार हातात येतो, त्यात ‘द लायसन्सी शॅल पे’ असं असतं (लायसन्सी म्हणजे भाड्याने राहणारे आपण). तिथे शॅल म्हणजे बंधन. देईनच, सुटका नाही. त्याच करारात ‘मे’ दिसला तर ती मर्जी. सही करायच्या आधी शॅल कुठे आपल्या नावापुढे आहे आणि मे कुठे मालकाच्या नावापुढे आहे, तेवढं तरी बघावं. आपल्या राज्यघटनेचा १४ वा अनुच्छेदसुद्धा याच शब्दावर उभा आहे: “द स्टेट शॅल नॉट डिनाय टू एनी पर्सन इक्वॅलिटी बिफोर द लॉ...” तिथे ‘मे नॉट’ असतं तर जोर तिथेच गेला असता.

पायरी तिसरी : मागे जाताना हॅव

आता मूळ दुखण्याकडे. होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज, हळहळ, तक्रार करायची असेल तर साचा एकच: त्या नवांपैकी एक, मग हॅव, मग क्रियापदाचं तिसरं रूप. गो-वेंट-गॉनमधलं गॉन, सी-सॉ-सीनमधलं सीन. कर्ता ‘ही’ असला तरी हॅवचं हॅज होत नाही, आणि भूतकाळ आहे म्हणून हॅडही होत नाही. ‘शुड हॅड’, ‘मस्ट हॅज’ ही वाक्यं कळव्याच्या खाडीत बुडवून या.

बोलताना हा हॅव जवळजवळ गिळला जातो. परदेशी माणूस ‘शुड हॅव’ म्हणत नाही, ‘शुडव’ म्हणतो. ‘मस्टव’, ‘कुडव’, ‘वुडव’. फोनवर काम करणाऱ्यांनी कान त्यालाच तयार करावा. तो ‘अव’ ऐकू आला नाही तर काळ चुकतो आणि ‘पाठवायला हवं’ आणि ‘पाठवायला हवं होतं’ यांतला फरक हातातून निसटतो. या गिळण्यामुळेच खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांची मुलं ‘शुड ऑफ’ असं लिहून बसतात. आपण निदान ती चूक करत नाही.

साचा सोपा आहे. कुठला शब्द निवडायचा, ते अवघड. त्यासाठी तीन शेपटं: असेल, असता, होतं.

असेल

‘तो गेला असेल.’ आपण तिथे नव्हतो, डोळ्यांनी बघितलं नाही, अंदाज बांधतोय. ठाण्याचंच उदाहरण घ्या. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी निघाली आणि ठाण्याला आली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. हे झालं नोंदलेलं. त्याला मोडल लागत नाही: ‘द ट्रेन केम टू ठाणे.’ पण रुळांच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या मनात काय चाललं होतं? ते आपल्याला असेल लावूनच बोलावं लागतं. लोक नक्कीच थक्क झाले असणार: ‘पीपल मस्ट हॅव बीन अमेझ्ड.’ काही जण घाबरलेही असतील: ‘सम मे हॅव बीन फ्रायटन्ड.’ एखादा पोरगा गाडीमागे धावलाही असेल, कोण जाणे: ‘अ बॉय माइट हॅव रन आफ्टर इट.’ आणि त्या दिवशी ठाण्यात कोणी झोपून राहिलं नसणार: ‘नोबडी कॅन हॅव स्लेप्ट थ्रू इट.’

बघा, मराठीत ‘असणार’ म्हटलं की खात्री वाढते, ‘असेलही’ म्हटलं की कमी होते, ‘असावा’ मध्ये कुठेतरी बसतो. ही चढउतार आपल्याला कोणी शिकवली नाही. ‘गेलाच असणार’ला मस्ट हॅव. ‘गेला असेल’ला मे हॅव, आणि ‘गेलाही असेल, काय सांगावं’ला माइट हॅव. या दोघांत अंतर फार नाही. घाईत एकाच्या जागी दुसरा वापरलात तरी कोणी अडवणार नाही. 

अडतं ते नकारात. ‘गेलाच असणार’च्या उलट ‘गेला नसणार, शक्यच नाही’. त्याला ‘मस्टन्ट हॅव’ लावायचा मोह होतो, पण नेहमीचं इंग्रजी आहे ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’. बॅग टेबलावर आहे: ‘शी कान्ट हॅव लेफ्ट.’ दिवे बंद आहेत: ‘शी मस्ट हॅव लेफ्ट.’ ही जोडी एकत्रच पाठ करा.

आणखी एक असेल आहे, वेळेच्या हिशेबाचा. वाशीची गाडी पकडून माणसं पावणेनऊला निघाली, आता साडेनऊ झाले, एव्हाना पोचली असतील. यात तर्कापेक्षा घड्याळ जास्त आहे. ‘दे विल हॅव रीच्ड बाय नाऊ.’ हाच विल हॅव पुढच्या वेळेलाही लागतो: सहापर्यंत मी निघालेली असेन, ‘बाय सिक्स आय विल हॅव लेफ्ट.’

असता

‘मी आले असते.’ म्हणजे आले नाही. हे शेपूट लागलं की गोष्ट घडलेली नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आले असते: ‘आय वुड हॅव कम.’ येऊ शकले असते: ‘आय कुड हॅव कम.’ कदाचित आलेही असते: ‘आय माइट हॅव कम.’ शेपूट तेच, आणि आतला ‘शकले’ किंवा ‘कदाचित’ बघून शब्द बदलतो.

‘कुड हॅव’ तक्रारीलाही कामाला येतो. घोडबंदर रोडला दीड तास अडकून तुम्ही कुणाच्या घरी पोचता आणि दाराला कुलूप. ‘अगं, एक फोन तरी करू शकली असतीस!’ ‘यू कुड हॅव कॉल्ड!’ शब्द अगदी समोरासमोर बसतात. इथे ‘माइट हॅव’ही चालतो, जरा जास्त टोचून.

एकाच ठिकाणी मराठी आपल्याला खड्ड्यात घालते. ‘तू सांगितलं असतंस तर मी आले असते.’ आपल्याकडे दोन्ही बाजूंना असता. म्हणून आपण इंग्रजीतही दोन्ही बाजूंना वुड हॅव घालतो: ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ इंग्रजीत जर-बाजूला हॅड लागतो: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ अमेरिकेत बोलताना काही जण आपल्यासारखंच दुहेरी वुड घालतात, पण लेखी कामात ते चूकच धरलं जातं. मी वर्गात सांगते, इफच्या घरात वुडला पाहुणा म्हणूनही घेऊ नका. ‘इफ यू वुड काइंडली’ असा एखादा नम्र पाहुणा येतो, तो निराळा.

मे आणि माइट यांच्यात फार अंतर नाही, असं मी वर म्हटलं. ते असेलच्या राज्यात. असताच्या राज्यात मात्र माइटच हवा. कॅडबरी जंक्शनला रिक्षाने अचानक वळण घेतलं आणि थोडक्यात वाचलात. ‘मेलो असतो!’ ‘वुई माइट हॅव डाइड!’ इथे ‘मे हॅव डाइड’ म्हटलंत तर अर्थ होतो ‘आम्ही मेलो असू कदाचित, अजून नक्की कळलेलं नाही.’

हवं होतं

आता माझी चूक जिथे झाली ते शेपूट. ‘पाठवायला हवं होतं’, ‘पाठवायला पाहिजे होतं’. करायचं होतं, केलं नाही. हळहळ किंवा ठपका. याला नेहमी शुड हॅव. ‘यू शुड हॅव सेंट इट.’ नकारात ‘नको होतं’: ‘आय शुडन्ट हॅव सेड दॅट’, मी तसं बोलायला नको होतं. ऑट टू हॅव त्याचाच थोडा जुन्या वळणाचा भाऊ. ओळखता आला तरी पुरे.

मस्ट हॅव इथे का चालत नाही? आज बोलताना मस्टमध्ये दोन अर्थ राहतात: ‘केलंच पाहिजे’ आणि ‘असणारच’. मागे हॅव लागला की पहिला अर्थ घर सोडून जातो, दुसराच उरतो. मस्ट म्हणजे पाहिजे, आणि हॅव लावला की पाहिजे होतं, असा सरळ हिशेब मी केला होता. गणित बरोबर, भाषा चूक.

शुड हॅव सभ्य आहे, पण कोरा ठपका आहे हेही लक्षात ठेवा. ग्राहकाला लिहिताना ‘यू’ काढून टाकलात तर धार बोथट होते: ‘द डॉक्युमेंट शुड हॅव बीन सेंट विथ द इन्व्हॉइस’, कागद बिलासोबत पाठवला जायला हवा होता. कोणी, ते ज्याचं त्याला कळतं. त्या दिवशी मी एवढं लिहिलं असतं तर माझा महिनाअखेरचा आठवडा बरा गेला असता.

आणि शुड हॅवचा एक प्रेमळ उपयोग. कोणी तुमच्यासाठी भेट आणली तर आपण म्हणतो, ‘अहो, हे कशाला उगाच!’ इंग्रज म्हणतो, ‘ओह, यू शुडन्ट हॅव!’ पुढचं तिसरं रूप बोलतसुद्धा नाही. दोघेही भेट हातातून सोडत नाहीत.

पायरी चौथी : फसवणारे तिघे

तीन शेपटं बसली की बरंच काम होतं. उरतात हे तीन: उगाच, लागलं, शकलो.

आभाळ भरून आलं म्हणून छत्री घेऊन निघालात आणि दिवसभर ऊन. ‘उगाच आणली छत्री.’ या उगाचला इंग्रजीत नेमकं रूप आहे: ‘आय नीडन्ट हॅव ब्रॉट द अम्ब्रेला.’ आणली, पण गरज नव्हती. ‘आय डिडन्ट नीड टू ब्रिंग इट’ म्हटलं तर फक्त गरज नव्हती एवढंच कळतं. आणली की नाही, ते मोघम. बहुतेक वेळा आणली नाही असंच समोरचा धरतो. नीडन्ट हॅव आता जरा पुस्तकी वाटतो खरा, पण उगाच हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांनी तो सोडू नये असं मला वाटतं.

‘थांबावं लागलं’ला ‘हॅड टू वेट’. मस्टला स्वतःचा भूतकाळ उरलेला नाही, तो हॅड टूकडून उसना घेतो. तुर्भ्याला अर्धा तास थांबावं लागलं: ‘आय हॅड टू वेट.’ ‘आय मस्ट हॅव वेटेड’ म्हणजे मी थांबले असणार. स्वतःबद्दल असं बोललात तर माणसं काळजीने बघतील. 

तिसरा शकलो, आणि हा चांगल्या चांगल्यांना फसवतो. ‘लहानपणी मला मासुंदा तलावाला दम न खाता दोन फेऱ्या मारता यायच्या.’ ही अंगातली नेहमीची ताकद, कुड ठीक: ‘आय कुड रन टू राउंड्स.’ पण ‘काल मी आठ सत्तावीसची लोकल पकडू शकले’, एकदाच घडलेली, धडपडून साधलेली गोष्ट. इथे ‘आय कुड कॅच’ म्हटलं तर इंग्रजी कानाला ‘पकडता येईल’ असंही ऐकू येतं. ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आय कॉट इट’. नकारात ही भानगड नाही; ‘आय कुडन्ट कॅच इट’ दोन्हीकडे चालतं.

वर्गात या ठिकाणी हमखास एक काकू विचारतात (त्यांचा मुलगा परदेशात असतो आणि सुनेशी फोनवर बोलायचं म्हणून त्या येतात), “ताई, मग कुड आणि कुड हॅव यात काय? दोन्ही मागचंच ना?” प्रश्न बरोबर आहे. ‘आय कुड स्विम’, मला पोहता यायचं, आणि मी पोहायचेही. ‘आय कुड हॅव स्वम’, पोहू शकले असते, पण पाण्यात उतरले नाही. काकूंनी वहीत लिहून घेतलं: कुड म्हणजे ओली, कुड हॅव म्हणजे कोरडी. माझ्या कुठल्याही व्याख्येपेक्षा ते बरं होतं, मी तेच फळ्यावर लिहिलं.

पायरी पाचवी : मधला बीन

दोनच गोष्टी सांगून सोडते. काम चालू होतं असा अंदाज असेल तर ‘हॅव बीन’ आणि आयएनजी: वाट बघत बसला असेल, ‘ही मस्ट हॅव बीन वेटिंग.’ काम कोणाकडून तरी झालं असेल, कर्ता सांगायचा नसेल, तर ‘हॅव बीन’ आणि तिसरं रूप: पाकीट मारलं गेलं असेल, ‘इट मे हॅव बीन स्टोलन.’ ‘बीन’चा उच्चार ‘बिन’कडे झुकतो, शेंगेच्या बीनसारखा लांबवू नका.

सराव : ठाणे ते ऐरोली

वही उघडून बसायचा सराव होत नाही, मला माहीत आहे. मी ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात करते. पूर्वी ठाण्यानंतर थेट ऐरोली यायचं. जानेवारी २०२४ मध्ये मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून माझा सरावही तिथे एकदा थांबतो.

फलाटावर घडलेला एक प्रसंग निवडायचा. परवाचाच सांगते. गाडी हलली तेव्हा एक मुलगी जिन्यावरून पळत आली, दारापर्यंत पोचली आणि थांबली. हातात डबा, केस ओले, एका पायातल्या चपलेचा पट्टा सुटलेला. ठाणे सुटल्यापासून दिघा गावापर्यंत तिच्यावर फक्त असेलची वाक्यं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तिला उठायला उशीर झाला असणार: ‘शी मस्ट हॅव वोकन अप लेट.’ पट्टा जिन्यावर तुटला असेल: ‘द स्ट्रॅप मे हॅव स्नॅप्ड ऑन द स्टेअर्स.’ न्याहारी केली नसणार: ‘शी कान्ट हॅव हॅड ब्रेकफास्ट.’ त्या शेवटच्या वाक्यात हॅव आणि हॅड एकामागोमाग आले म्हणून दचकू नका. पहिला साच्यातला, दुसरा खाण्याचा.

दिघा गावानंतर असता आणि होतं. पाच मिनिटं आधी निघाली असती तर मिळाली असती: ‘इफ शी हॅड लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अर्लिअर, शी वुड हॅव कॉट इट.’ उडी मारू शकली असती, पण मारली नाही, बरं झालं: ‘शी कुड हॅव जम्प्ड.’ कोणीतरी तिला पट्टा सुटलाय म्हणून सांगायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे मी, दारातच उभी होते: ‘आय शुड हॅव टोल्ड हर.’ एवढ्यात ऐरोली येतं. रोज एक प्रसंग, सात-आठ वाक्यं, तोंडातल्या तोंडात. शेजारचे बघतात, बघू देत, त्यांनाही कुठेतरी इंग्रजी बोलायचंच आहे.

तीन-चार आठवड्यांत एक बदल जाणवेल. मेल लिहिताना बोटं मस्टवर जातात आणि मधेच थबकतात. ते थबकणं हवंय. तेवढ्या अर्ध्या सेकंदात मनात मराठी वाक्य म्हणून बघायचं: असणार, की हवं होतं?

गेल्या रविवारी वर्गातला एक मुलगा आला नाही. दुपारी त्याचा मेसेज: “सॉरी ताई, आय मस्ट हॅव कम टू क्लास टुडे.”

मी लिहिलं, “आला असशील बाबा, पण मला काही दिसला नाहीस.”

दहा मिनिटं काहीच नाही. मग दोन शब्द आले: “शुड हॅव.”